एका गाण्याचे किती धरायचे?

७,५०,००,००,००,००,०००.

हा आकडा वाचायचा तर खाली बोट ठेवून स्थानं मोजावी लागतात. पंच्याहत्तरवर बारा शून्यं, म्हणजे ७५ लाख कोटी. तेही रुपये नव्हेत, डॉलर. २०११ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात, न्यायाधीश किंबा वुड यांच्यापुढे चाललेल्या एका खटल्यात हा आकडा निघाला. प्रकरण होतं लाइमवायरचं. हे सॉफ्टवेअर संगणकात टाकलं की जगातल्या कुणाच्याही संगणकातली गाणी फुकट उतरवून घेता यायची. तेरा रेकॉर्ड कंपन्यांनी लाइमवायर चालवणाऱ्यांना कोर्टात खेचलं, २०१० मध्ये कोर्टाने त्यांना दोषी धरलं आणि मग वाद उरला भरपाईचा. कंपन्यांचं म्हणणं होतं की भरपाई नुसती गाण्यामागे मोजू नका, ते गाणं जितक्या जणांनी उतरवलं तितक्या वेळा मोजा. तशी मोजली तर ती ४० हजार कोटी डॉलरपासून ७५ लाख कोटी डॉलरपर्यंत कुठेही जाते, असा हिशोब झाला.

त्या वर्षी जगातल्या सगळ्या देशांचं मिळून एकूण उत्पादन साधारण याच घरात होतं. आपल्या हिशोबात सांगायचं, तर तेव्हा डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ही रक्कम झाली ३,३७५ लाख कोटी रुपये. भारत सरकारचा २०११-१२ चा सगळा अर्थसंकल्प साडेबारा लाख कोटींचा. रेल्वे, लष्कर, शाळा, पगार, सगळं बंद ठेवून पूर्ण अर्थसंकल्प दरवर्षी या रेकॉर्ड कंपन्यांना दिला असता, तरी फिटायला २७० वर्षं लागली असती. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत पहिला हप्ता भरला असता, तर शेवटचा २०११ च्या सुमाराला गेला असता.

या हिशोबात कुठेही बेरीज-गुणाकार चुकलेला नाही. अमेरिकी कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला एका कलाकृतीमागे जास्तीत जास्त दीड लाख डॉलर भरपाई आहे. खटल्यातली गाणी सुमारे ११ हजार. ७५ लाख कोटी गाठायला एकेका गाण्यामागे ४५ हजार उतरवणारे पुरतात. लोकप्रिय गाण्याला ४५ हजार माणसं काहीच नाहीत. तिन्ही आकडे सुटे सुटे घेतले तर शहाण्यासारखे वागतात, एकमेकांना गुणले की वेड लागतं. न्यायाधीश वुड यांनी ही मोजणी हास्यास्पद ठरवून फेटाळली. १८७७ मध्ये एडिसनने फोनोग्राफ काढल्यापासून सगळ्या रेकॉर्ड व्यवसायाने मिळून जेवढं कमावलं त्याहून ही रक्कम मोठी होते, हा बचाव पक्षाचा मुद्दाही त्यांनी निकालात नोंदवला. मे महिन्यात प्रकरण तडजोडीने मिटलं, १० कोटी ५० लाख डॉलरला.

इंटरनेटवरच्या गाण्यांचं भांडण गेली पंचवीस वर्षं असंच चाललंय. चोरी की वाटणी, कलाकाराचं पोट की ऐकणाऱ्याचा हक्क, असे शब्द वर दिसतात. खाली पाहिलं तर मारामारी एकाच गोष्टीची आहे: एका गाण्याचे किती धरायचे, आणि मोजताना नग कशाला म्हणायचं.

तर आधी नगच बघू.

सीडीवर आवाज साठवताना दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याची नोंद होते. प्रत्येक नोंद १६ बिटांची, आणि डावा-उजवा असे दोन कान. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट. चार मिनिटांचं गाणं म्हणजे सुमारे ४२ मेगाबाइट. नव्वदच्या दशकाच्या शेवटी घरोघरी जे मोडेम होते, त्यांचा कागदावरचा वेग सेकंदाला ५६ हजार बिट. प्रत्यक्षात तोही मिळायचा नाही, पण मिळाला असं धरलं तरी हे एक गाणं उतरायला एक तास चाळीस मिनिटं. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. म्हणजे चोरी करायची कितीही इच्छा असली तरी परवडत नव्हती. तोवर कॉपीराइटचं रक्षण वकिलांपेक्षा गाण्याच्या वजनानेच जास्त केलं.

हे वजन उतरवलं जर्मनीत, एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाची एक खोड हेरली. मिरवणुकीत ढोल-ताशा घुमत असताना शेजारच्याच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येत नाही; ती असते, पण कान ती घेतच नाही. मग कान जे घेणारच नाही ते साठवायचं कशाला? ते काढून टाकलं की सेकंदाला १४ लाखांच्या जागी १ लाख २८ हजार बिटांत भागतं. कान फसतोय की नाही हे तपासायला ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा या गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं शेकडो वेळा ऐकलं. मागे एकही वाद्य नाही, नुसता गळा. त्यामुळे कुठे जरा काटछाट चुकली की लगेच उघडं पडायचं. १९९५ च्या जुलैत या फाइलींच्या शेपटीला ‘एमपी३’ हे नाव मिळालं. आता तेच चार मिनिटांचं गाणं ३.८४ मेगाबाइटचं झालं आणि त्याच मोडेमवर नऊ मिनिटांत उतरू लागलं.

नऊ मिनिटं परवडतात. पुढचं सगळं रामायण या नऊ मिनिटांचं.

१९९९ च्या जूनमध्ये बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकणाऱ्या, जेमतेम अठरा वर्षांच्या शॉन फॅनिंगने नॅपस्टर सोडलं. नॅपस्टरच्या स्वतःच्या संगणकावर गाणी नव्हतीच. कुणाकडे कुठलं गाणं आहे याची फक्त यादी होती. गाणं थेट या घरातून त्या घरात जायचं. इंडियाना विद्यापीठात अशी वेळ आली की इंटरनेटची निम्म्याहून अधिक वाहतूक एकटं नॅपस्टर खाऊ लागलं. वेबनॉइझ या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे फेब्रुवारी २००१ या एका महिन्यात नॅपस्टरवरून २७९ कोटी फाइली उतरल्या. फेब्रुवारीचे दिवस अठ्ठावीस. म्हणजे रात्रंदिवस, दर सेकंदाला साडेअकराशे गाणी. कोर्टाच्या हुकमानंतर जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडलं. त्याच संस्थेने ऑगस्टमध्ये पुन्हा मोजलं, तर नॅपस्टरच्या जागी आलेल्या चार नव्या जाळ्यांवर मिळून ३०५ कोटी फाइली. दुकान बंद केलं आणि गिऱ्हाईक वाढलं.

त्याआधी, ३ मे २००० रोजी, कॅलिफोर्नियातल्या सॅन माटेओ गावी नॅपस्टरच्या कचेरीसमोर मेटॅलिका या बँडचा ड्रमवादक लार्स उलरिक उतरला. बरोबर तेरा खोकी. खोक्यांत सुमारे ६० हजार छापील पानं, आणि पानांवर ३,३५,४३५ वापरकर्त्यांची नावं. एका ब्रिटिश कंपनीने एका शनिवार-रविवारी पाळत ठेवून हेरलेली. ही सगळी माणसं मेटॅलिकाची गाणी वाटतात, त्यांना हाकला, अशी मागणी. बाहेर कॅमेरे होते आणि चिडलेले चाहतेही. काहींनी मेटॅलिकाच्या सीडी तिथेच फोडल्या.

या खोक्यांपाशी मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्या भांडणाचा स्वभाव त्यांत भरलेला आहे. एका पानावर सरासरी सहा नावंही नाहीत. बाकी जागा कुणी कुठलं गाणं ठेवलं होतं त्या तपशिलाने व्यापलेली. नुसती नावं घेतली आणि एका नावाला अकरा अक्षरं धरली, तर ती सगळी यादी ३.७ मेगाबाइटची होते. म्हणजे एका चार मिनिटांच्या एमपी३ गाण्यापेक्षा किंचित लहान. ईमेलने गेली असती. पण ईमेलचा फोटो छापून येत नाही. तेरा खोकी उतरवताना दिसली की तीन लाख पस्तीस हजार म्हणजे किती, ते टीव्हीवर बघणाऱ्याला कळतं. नॅपस्टरने तीन लाखांहून अधिक खाती बंद केली. दुसऱ्या नावाने खातं उघडायला किती वेळ लागायचा, ते सांगायला नको.

कलाकारही एका बाजूला नव्हते. रॅप गायक चक डी उघडपणे नॅपस्टरच्या बाजूने बोलत होता. जुलै २००० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे उलरिकने चोरीची तक्रार मांडली, आणि त्याच समितीपुढे ‘द बर्ड्स’ या साठच्या दशकातल्या गाजलेल्या बँडचे रॉजर मॅकग्विन यांनी वेगळंच गाऱ्हाणं घातलं. आयुष्यभर रेकॉर्डी काढल्या, पण सुरुवातीच्या किरकोळ उचलीपलीकडे कंपन्यांकडून रॉयल्टी म्हणून काही हाती आलं नाही. आता एमपी३ डॉट कॉम मात्र पन्नास टक्के देते, असं ते म्हणाले. मला या दोघांत मॅकग्विन जास्त पटतात. उलरिक खोटं बोलत नव्हता. पण हरवलेले पैसे आधी कुणाचे होते, हा प्रश्न मॅकग्विन यांनी विचारला.

आता कायदा. अमेरिकेचा पहिला कॉपीराइट कायदा १७९० चा. चोरून छापलेल्या मजकुराचा जो कागद सापडेल, त्या प्रत्येक कागदामागे पन्नास सेंट दंड. निम्मा लेखकाला, निम्मा सरकारला. कागद मोजता येत होते, त्यामुळे भांडण नव्हतं. पुढे भरपाई कलाकृतीमागे आली. डिसेंबर १९९९ मध्ये काँग्रेसने ती वाढवली: एका कलाकृतीमागे किमान ७५० डॉलर, साधारण कमाल ३० हजार, आणि जाणूनबुजून केलं असेल तर दीड लाख. प्रत्यक्ष नुकसान किती झालं ते सिद्ध करायची गरज नाही. हा कायदा सहीनिशी पक्का झाला आणि नॅपस्टरवरचा खटला दाखल झाला, दोन्ही एकाच आठवड्यात.  पुढच्या चार वर्षांत हे दर लागू झाले खोलीत बसून गाणी उतरवणाऱ्या पोरांना.

८ सप्टेंबर २००३ रोजी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, आरआयएएने, एका दिवसात २६१ जणांवर खटले भरले. त्यात न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतीत राहणारी बारा वर्षांची एक मुलगी निघाली. दुसऱ्याच दिवशी तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं. मॅसॅच्युसेट्समधल्या साठी उलटलेल्या बाईंवर रॅप गाणी वाटल्याचा आरोप आला. गाणी वाटण्याचं ते सॉफ्टवेअर त्यांच्या मॅक संगणकावर चालतच नव्हतं. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका आजींवर खटला दाखल झाला तेव्हा त्या वारून महिना होऊन गेला होता. २००८ च्या अखेरीस संघटनेने हा सपाटा थांबवला, तोवर सुमारे ३५ हजार माणसं या फेऱ्यात सापडली होती. बहुतेकांनी तीन-चार हजार डॉलर देऊन हात झटकले. वकील लावायला त्याहून जास्त पडलं असतं.

मिनेसोटातल्या एका बाईने मात्र पैसे भरायला नकार दिला. चार मुलांची आई, काझा हे सॉफ्टवेअर वापरल्याचा आरोप. तिच्या म्हणे वाटपाच्या फोल्डरमध्ये १,७०२ गाणी होती. कंपन्यांनी खटल्यासाठी त्यातली २४ निवडली. २००७ मध्ये डुलुथच्या ज्युरीने गाण्यामागे ९,२५० प्रमाणे २,२२,००० डॉलर लावले. ज्युरीला दिलेल्या सूचनेत चूक झाली म्हणून न्यायाधीश मायकल डेव्हिस यांनी निकाल रद्द करून पुन्हा सुनावणी घेतली. २००९ च्या दुसऱ्या ज्युरीने गाण्यामागे ८०,००० लावले, एकूण १९ लाख २० हजार. न्यायाधीशांनी ही रक्कम राक्षसी म्हणून ५४ हजारांवर आणली. कंपन्यांना ते मान्य नव्हतं. तिसरी ज्युरी, २०१०: गाण्यामागे ६२,५००, एकूण १५ लाख. न्यायाधीशांनी पुन्हा ५४ हजार केले. वरच्या कोर्टाने २०१२ मध्ये ते खोडून पहिल्या ज्युरीचा २,२२,००० हा आकडाच कायम केला, आणि मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला.

तीच बाई, तीच गाणी, तोच पुरावा. एका गाण्याचे कधी ९,२५०, कधी ८०,०००, कधी २,२५०, कधी ६२,५००. कायद्याच्या हद्दीत हे सगळंच बसतं. चोवीस गाण्यांची हद्द १८ हजारांपासून ३६ लाखांपर्यंत होती. एप्रिल २००३ पासून अॅपलच्या आयट्यून्सवर एक गाणं ९९ सेंटला मिळत होतं. चोवीस गाणी २३ डॉलर ७६ सेंट. कायम झालेली भरपाई त्याच्या नऊ हजार पटींहून जास्त. दुसऱ्या ज्युरीचा दर घेऊन फोल्डरमधल्या सगळ्या १,७०२ गाण्यांचे पैसे लावले असते, तर झाले असते १३ कोटी ६१ लाख ६० हजार डॉलर. लाइमवायरच्या पूर्ण कंपनीने दिले त्यापेक्षा जास्त.

आणि हे सगळं करून कंपन्यांना मिळालं काय? आरआयएएच्या २००८ च्या करविवरणात वकिलांच्या तीन फर्मना दिलेली रक्कम १ कोटी ६० लाख डॉलरच्या वर आहे, आणि वसुली ३ लाख ९१ हजार. ते सगळे पैसे याच खटल्यांवर गेले असं नाही, वकिलांना इतरही कामं होती. तरी धंदा म्हणून बघितलं तर बरा नव्हे.

नुकसानाचे आकडे तर याहून मजेशीर. २००७ मध्ये टेक्सासमधल्या इन्स्टिट्यूट फॉर पॉलिसी इनोव्हेशन या संस्थेने सांगितलं की गाण्यांच्या चोरीमुळे अमेरिकी अर्थव्यवस्थेचं वर्षाला १,२५० कोटी डॉलरचं नुकसान होतं आणि ७१,०६० नोकऱ्या जातात. एकाहत्तर हजार समजू शकतो. ते वरचे साठ कोण, हे विचारावंसं वाटतं. त्या वर्षीचा अमेरिकेचा सगळा संगीतबाजारच हजार-अकराशे कोटी डॉलरचा होता. बाजारापेक्षा नुकसान मोठं, कारण बुडालेल्या पैशाचे पुढचे तरंगही त्यात मोजलेले. २००८ मध्ये जगभरात चार हजार कोटी गाणी बेकायदा वाटली गेली आणि उतरवलेल्या गाण्यांपैकी ९५ टक्के बेकायदा होती, असं आंतरराष्ट्रीय संघटना आयएफपीआयने जाहीर केलं. त्या प्रत्येकाला ९९ सेंट लावून बघा: त्या वर्षी जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांची मिळून जेवढी विक्री झाली, त्याच्या साधारण दुप्पट येते. फुकट मिळालं म्हणून घेतलेलं प्रत्येक गाणं विकत मिळालं असतं तरी घेतलंच असतं, हे गृहीत धरल्याशिवाय अशी रक्कम उभी राहत नाही. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकी सरकारच्याच हिशोब तपासनीस कार्यालयाने, जीएओने, चाचेगिरीच्या नुकसानाचे सरकारी कागदपत्रांत फिरणारे जुने आकडे तपासले आणि त्यांना आधार सापडत नाही असं लिहून दिलं.

म्हणून नुकसान झालंच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ या अर्थतज्ज्ञांनी १७ लाख ५० हजार डाउनलोड आणि ६८० अल्बमांची विक्री ताडून पाहिली आणि २००७ मध्ये लिहिलं की विक्रीवरचा परिणाम शून्यापासून वेगळा काढता येत नाही. फुकटवाल्यांनी तो निबंध डोक्यावर घेतला. इतर अर्थतज्ज्ञांनी त्यावर तुटून पडून उलट निष्कर्ष काढले. पण साधा जमाखर्च बघा: अमेरिकेतली संगीतविक्री १९९९ मध्ये १,४६० कोटी डॉलर, २०१४ मध्ये ६७० कोटी. महागाई धरली तर पडझड आणखी खोल. आख्खा अल्बम घेण्याऐवजी लोक एकेक गाणं घेऊ लागले, हेही त्यामागे आहे. पण पंधरा वर्षांत निम्म्याहून अधिक धंदा उगाच जात नाही. नुकसान खरं होतं, ते मोजणारे खोटे होते, असं माझं मत.

आपल्याकडे हे भांडण कोर्टात कमी आणि टपरीवर जास्त झालं. कॅसेटच्या काळात ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असलेलं दुकान प्रत्येक गावात होतं. वहीत लिहिलेल्या यादीवर खुणा करायच्या, कोरी साठ किंवा नव्वदची कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी घेऊन जायची. पुढे मोबाइल रिचार्जच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. भावगीतं, भक्तिगीतं, लावण्या, डीजे असे फोल्डर तयारच असायचे. दुकानदार कार्ड घालायचा, फोल्डर ओढायचा, वीस-पंचवीस रुपये घ्यायचा. चार जीबीच्या कार्डात साधारण हजार गाणी. अमेरिकी कायद्याने त्या एका कार्डाची किंमत किमान साडेसात लाख डॉलर आणि कमाल १५ कोटी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हा फौजदारी गुन्हा. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. गाण्यामागे नाही, गुन्ह्यामागे. २०१२ मध्ये भारतीय संगीत उद्योगाच्या संघटनेने कलकत्ता उच्च न्यायालयातून १०४ वेबसाइट बंद करायचा हुकूम मिळवला. गाणी भरणाऱ्या दुकानांचा धंदा मात्र त्या हुकमाने नाही, स्वस्त डेटाने बसवला.

मॅकग्विन यांचा प्रश्न आपल्याकडे त्यांच्याही आधी विचारला गेला होता. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी रेकॉर्डच्या विक्रीत गायकाला वाटा हवा असा आग्रह धरला. मोहम्मद रफींना तो पटला नाही, एकदा गायचे पैसे घेतले की संपलं असं त्यांचं मत. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात पक्का व्हायला २०१२ उजाडलं. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यासाठी बरेच झगडले.

चोरीवर उपाय शेवटी काढला तो भाड्याने. महिन्याचे ठरावीक पैसे द्या, हवं ते ऐका. आणि इथे आकड्यांनी उलटी उडी मारली. आधी एका गाण्याचे हजारो डॉलर, आता एक सेंटही नाही. स्पॉटिफायने २०२४ मध्ये हक्कदारांना १,००० कोटी डॉलर वाटले, ही त्यांचीच घोषणा. एका वेळच्या ऐकण्याला ठरलेला दर नसतो, पण सरासरी साधारण एक सेंटचा तिसरा हिस्सा पडते. मिनेसोटाच्या त्या बाईवर लागलेली २,२२,००० डॉलरची रक्कम या दराने कमवायची, तर गाणं सहा कोटी सहासष्ट लाख वेळा ऐकलं गेलं पाहिजे. तेही पैसे आधी हक्कदार कंपनीकडे जाणार. गायकाचा वाटा त्यातून, करारात लिहिला असेल तेवढा.

आणि ऐकायला आहे किती? ल्युमिनेट या मोजणी करणाऱ्या कंपनीने २०२३ च्या अखेरीस सांगितलं की निरनिराळ्या सेवांवर मिळून १८ कोटी ४० लाख गाणी आहेत. गाणं तीन मिनिटांचं धरा. न झोपता, न थांबता ऐकत राहिलात तर १,०५० वर्षं लागतील. इकडे मान्यखेटला राष्ट्रकूटांचं राज्य बुडत होतं तेव्हा, इसवी सन ९७३ च्या सुमारास, सुरुवात करायला हवी होती. त्याच वर्षी रोज सरासरी १,०३,५०० नवी गाणी चढत होती. एका दिवसाचा माल ऐकायला दोनशे पंधरा दिवस. या १८ कोटी ४० लाखांपैकी १५ कोटी ८६ लाख गाणी वर्षभरात हजार वेळा किंवा त्याहून कमी ऐकली गेली. ४ कोटी ५६ लाख गाणी तर कुणी एकदाही ऐकली नाहीत. चोरायलासुद्धा कुणी आलं नाही. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा की वर्षात हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा मोबदलाच नाही. कारण दिलं तेही आकड्यातच: अशा गाण्यांना महिन्याला सरासरी तीन सेंट मिळत होते, आणि ते वितरकाकडेच अडकून पडायचे. एकेकाचे तीन सेंट. सगळ्यांचे मिळून वर्षाला चार कोटी डॉलर, जे आता जास्त ऐकल्या जाणाऱ्यांच्या वाट्याला जातात. या लहान रकमा कुणाच्या ढिगात टाकायच्या, हा निर्णय इथेही ऐकणाऱ्याने किंवा गाणाऱ्याने घेतलेला नाही.

कंपन्यांचं म्हणाल तर त्या सावरल्या. अमेरिकेतली विक्री २०२४ मध्ये १,७७० कोटी डॉलरवर गेली, महागाई सोडली तर १९९९ च्याही वर.

आता गाणी बनवायला गायकही लागत नाही. फ्रान्सच्या डीझर या सेवेने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की रोज येणाऱ्या गाण्यांपैकी ३४ टक्के, म्हणजे सुमारे ५० हजार, पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली असतात. ती यंत्रं शिकली ती माणसांच्या गाण्यांवर. त्यासाठी परवानगी घेतली नाही म्हणून जून २०२४ मध्ये तीन मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सूनो आणि उडिओ या दोन कंपन्यांवर खटले भरले. मागणी काय? एका गाण्यामागे दीड लाख डॉलरपर्यंत. १९९९ चा दर, सेंटभरही न बदललेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यातल्या युनिव्हर्सलने उडिओशी तडजोड केली आणि उडिओवर तयार केलेलं गाणं उतरवून घेण्याची सोय बंद झाली. तडजोड किती डॉलरला झाली आणि त्यातले गायकांना किती मिळणार, हे आकडे मात्र जाहीर झालेले नाहीत.